पाणमांजरीने दोनदा सांगितले

मुलांनो, एका डोंगरी रानात ओढ्याच्या काठी एक पाणमांजरी राहत असे. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून प्राण्यांनी त्या ओढ्यावर मातीचा बांध घातला होता. कामाचा प्रमुख होता गवा, आणि बांधाची देखरेख होती घोरपडीकडे. इतकी वर्षे त्या कामावर घोरपड ही एकटीच मादी. त्यामुळे पाणमांजरी कामाला लागली तेव्हा तिला वाटले, आपल्याला हक्काची ताई मिळाली.

एके सकाळी बुडी मारून बांधाचा पाया पाहताना तिला तळाशी एक भोक दिसले. त्यातून माती पलीकडे वाहून जात होती. बैठकीत ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटतं, पायथ्याची माती सुटते आहे बहुतेक. एकदा पाहिलं तर बरं होईल."

बैठकीत नव्यांची नेहमी टर उडवणारे रानडुक्कर हसणार, हे तिने धरलेच होते. पण त्याच्याआधी घोरपडच म्हणाली, "नवी आहे. पाणी पाहून घाबरली असेल." सगळे हसले. पाणमांजरी घोरपडीकडे बघतच राहिली. आपण ऐकले ते खरे की खोटे, हेच तिला कळेना.

बैठक उठल्यावर तिने विचारले, "ताई, तुम्ही असं का बोललात?"

"तू चुकलीस तर पाणमांजरी चुकली, असं कोणी म्हणणार नाही," घोरपड म्हणाली. "माद्यांना यातलं काही कळत नाही, असं म्हणतील. त्यात मीही आले. नवी असताना मीही असंच हसं सोसलंय."

"पण तुम्ही ते भोक पाहिलंत का?"

घोरपड बांधाकडे न बघताच चालू लागली. तिने पाहिले नव्हते.

पाणमांजरी तशीच गव्याकडे गेली आणि या वेळी स्पष्ट म्हणाली, "पायथ्याला वीतभर भोक आहे. आज बुजवलं नाही तर बांध फुटेल. खाली सशांची बिळं आहेत."

गव्याच्या भुवया चढल्या. "सकाळी घाबरट होतीस, आता उद्धट झालीस? काय गं घोरपडी, खरं आहे का हे?"

घोरपड बाजूला सरकली, आणि गवा हसून आपल्या कामाला लागला.  पण पाणमांजरीने वेळ दवडला नाही. ती धावत खाली गेली आणि एकेका बिळाशी हाका मारून तिने सशांना पिलांसकट टेकडीवर चढवले. ऊन डोक्यावर आले आणि बांध फुटला. बिळे गाळाने भरली, उन्हाळ्याचे सारे पाणी वाहून गेले. ससे मात्र वाचले.

गवा म्हणाला, "हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," घोरपड खाली मान घालून म्हणाली. "तिनं दोनदा सांगितलं. एकदा मी तिला हसण्यावारी नेलं, एकदा तुम्ही. आणि मी तर बांधाच्या पायथ्याशी जाऊन पाहिलंसुद्धा नाही."

तात्पर्य : सांगणारी कोण आणि तिचा सूर कसा, हे तोलत बसण्यापेक्षा ती काय सांगते ते आधी तपासावे, आणि जिने स्वतः हसे सोसले, तिने तरी दुसरीचा आवाज दाबू नये.