पिटुकलीचं बीळ आणि खोक्यातली सायकल

ऐका. मध्ये बोलायचं नाही. मध्ये बोलायचं काम मोठी माणसं करतात, आणि या गोष्टीत ती तीन आहेत.

एक ओसरी. ओसरीच्या कोपऱ्यात एक बीळ. बिळात राहते पिटुकली. पिटुकली म्हणजे उंदरीण. एवढीशी. अंगठ्याएवढी. शेपूट धरून दोन अंगठ्यांएवढी.

बिळात काय? एक चिंधी, झोपायला. एक शेंगदाणा, उद्याला. बस्स.

सकाळी पिटुकली बाहेर गेली. तुरुतुरु तुरुतुरु. नळाखाली थेंबभर पाणी प्यायली. परत आली. तुरुतुरु तुरुतुरु.

अरे! बीळ कुठंय?

बिळावर खोका. हा मोठ्ठा! दारापेक्षा लांब. आबांपेक्षा जाड.

खोक्यात होती सायकल. नवी कोरी. विजेवर चालणारी. सायकल वैजूची. वैजू या घरची सून. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवते. शाळा चढावर. वैजू रोज चालत जाते. हाश्श हुश्श. हाश्श हुश्श.

जाताना वैजू म्हणाली, "संध्याकाळपर्यंत जोडून ठेवा हं."

"हो हो," आबा म्हणाले. ते तिचे सासरे.

"हो हो," नानाकाका म्हणाले. ते मोठे दीर.

"हो हो," आत्याबाई म्हणाल्या. त्या आबांच्या बहीण.

तीन वेळा हो हो झालं. वैजू कामाला गेली. तिघं बसून राहिले.

आणि भिंतीवर होता बोका. बोका झोपला होता. एक डोळा मिटलेला. दुसरा... जरासा उघडा.

पिटुकली घाबरली. बीळ नाही, तर लपायचं कुठं? ती खोक्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"खोक्या, खोक्या, बाजूला सर.
माझं बीळ मला मिळेना!"

खोका म्हणाला, "माझ्या पोटात सायकल. मी कसा हलू? आधी आबांना मला उघडू दे. मग मी सरतो."

पिटुकली गेली आबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

आबा खुर्चीत बसले होते. हातात पाना. पाना म्हणजे स्क्रू पिळायची वाकडी काडी. आबा त्या पान्याने पाठ खाजवत होते. खर्र खर्र.

"आबा, आबा, खोका उघडा.
खोका जागचा हलेना,
माझं बीळ मला मिळेना!"

आबा म्हणाले, "तुला काय कळतं गं? साठ वर्षं सायकल चालवली मी! असं उघडत नसतात. आधी नानाला पुस्तक वाचू दे. मग मी खोका उघडतो."

खर्र खर्र.

पिटुकली गेली नानाकाकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

नानाकाका झोपाळ्यावर होते. खोक्यावर चिकटवून आलेलं सायकलचं पुस्तक मांडीवर. मोबाइल हातात. मोबाइलवर दुसराच कोणी दुसरीच सायकल जोडत होता. काका बघत होते. कुईंऽ कुईंऽ झोपाळा वाजत होता.

"नानाकाका, नानाकाका, पुस्तक वाचा.
आबा खोका उघडेनात,
खोका जागचा हलेना,
माझं बीळ मला मिळेना!"

नानाकाका म्हणाले, "नव्या वस्तूला असा हात लावायचा? काही रीत आहे की नाही? आधी आत्याबाईंना कुंकू लावू दे. मग मी पुस्तक वाचतो."

कुईंऽ कुईंऽ.

पिटुकली गेली आत्याबाईंकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

आत्याबाई चटईवर होत्या. पुढ्यात ताट. ताटात कुंकू, हळद, नारळ, लिंबू. सगळं तयार. आत्याबाई मात्र शेंगा सोलत होत्या. कट् कट्.

"आत्याबाई, आत्याबाई, कुंकू लावा.
नानाकाका पुस्तक वाचेनात,
आबा खोका उघडेनात,
खोका जागचा हलेना,
माझं बीळ मला मिळेना!"

आत्याबाई म्हणाल्या, "अगंबाई! बंद गाडीला कुंकू? बरं दिसतं का ते? आधी बॅटरीला हिरवा दिवा लावू दे. मग मी कुंकू लावते."

कट् कट्.

भिंतीवर बोका वळला. आता दुसरा डोळा अर्धा उघडा.

पिटुकली गेली बॅटरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

बॅटरी खोक्यात नव्हती. ती वेगळ्या डब्यातून आली होती. चटईच्या कडेला पडली होती. काळी, जड, गप्प.

"बॅटरी, बॅटरी, दिवा लाव.
आत्याबाई कुंकू लावेनात,
नानाकाका पुस्तक वाचेनात,
आबा खोका उघडेनात,
खोका जागचा हलेना,
माझं बीळ मला मिळेना!"

बॅटरी हळूच म्हणाली, "मला भूक लागलीय गं. पोटात काही नाही. आधी चार्जरला वीज भरवू दे. मग मी दिवा लावते."

"चार्जर कुठंय?"

"मला काय माहीत? मला कोणी विचारतं का?"

पिटुकलीने खुर्चीखाली बघितलं. नाही. झोपाळ्याखाली बघितलं. नाही. ताटामागे बघितलं. नाही. मग खोक्याला कान लावला. आतून आवाज आला, "हूं... हूं..."

चार्जर खोक्यात!

"चार्जर, चार्जर, वीज भरव.
बॅटरी दिवा लावेना,
आत्याबाई कुंकू लावेनात,
नानाकाका पुस्तक वाचेनात,
आबा खोका उघडेनात,
खोका जागचा हलेना,
माझं बीळ मला मिळेना!"

आतून चार्जर म्हणाला, "इथं अंधार आहे. मी बाहेर कसा येऊ? आधी खोक्याला तोंड उघडू दे. मग मी वीज भरवतो."

पिटुकली पुन्हा आली खोक्यासमोर. आता पाय दुखत होते. तुरु... तुरु... तुरु...

"खोक्या, खोक्या, तोंड उघड.
चार्जर वीज भरवेना,
बॅटरी दिवा लावेना,
आत्याबाई कुंकू लावेनात,
नानाकाका पुस्तक वाचेनात,
आबा खोका उघडेनात,
खोका जागचा हलेना..."

"अगं," खोका म्हणाला, "खोका म्हणजे मीच की!"

पिटुकली थांबली. खाली बसली. शेपूट पायाशी घेतलं.

म्हणजे काय झालं? आबा काकांसाठी थांबले. काका आत्याबाईंसाठी थांबले. आत्याबाई बॅटरीसाठी. बॅटरी चार्जरसाठी. चार्जर खोक्यासाठी. आणि खोका? खोका पुन्हा आबांसाठी! गोल गोल गोल. सगळे हुशार. सगळे मोठे. आणि एकाचाही हात हलेना.

बोक्याचे दोन्ही डोळे उघडले.

पिटुकली म्हणाली, "खोक्या, माझ्याकडे पाना नाही. पुस्तक नाही. कुंकू नाही. दात आहेत. तुला दुखेल का रे?"

खोका म्हणाला, "नाही गं. गुदगुल्या होतील."

मग पिटुकली बसली खोक्याच्या कोपऱ्याशी. आणि सुरू झाली.

कुर्तुम कुर्तुम.
कुर्तुम कुर्तुम.

"हीऽ हीऽ हीऽ," खोका हसला.

कुर्तुम कुर्तुम.

एक छोटं भोक झालं. मग मोठं भोक झालं. मग सुळ्ळकन् चार्जर बाहेर आला. टप्!

"अगंबाई, चार्जर!" आत्याबाई ओरडल्या. त्यांनी तो उचलला. एक टोक बोर्डात. खट्. एक टोक बॅटरीत. खट्.

चार्जर वीज भरवायला लागला. बॅटरी जेवायला लागली. तिचा दिवा लागला. लाल.

आबा चहा प्यायले. दिवा लाल.

नानाकाका जेवले, झोपले, घोरले. दिवा लाल.

आत्याबाईंच्या शेंगा सोलून झाल्या. दिवा लाल.

पिटुकली खोक्यामागे बसली. अंग चोरून. बोका भिंतीवर बसला. शेपूट हलवत. डाव्या बाजूला. उजव्या बाजूला. दिवा लाल.

आणि मग... टिक्! दिवा हिरवा!

मग काय?

चार्जरने वीज भरवली.
बॅटरीने दिवा लावला.
आत्याबाईंनी कुंकू लावलं. बॅटरीला एक बोट. पुस्तकाला एक बोट. खोक्याला एक बोट. खोका लाजला.
नानाकाकांनी पुस्तक वाचलं. चष्मा शोधला. चष्मा कपाळावरच होता. मग वाचलं.
आबांनी खोका उघडला. चर्रर्र!

"अरे, हे भोक कसलं?" आबा म्हणाले.

"वैजूने घेताना खोका बघून घ्यायला हवा होता," नानाकाका म्हणाले.

"तर काय!" आत्याबाई म्हणाल्या.

वैजू तिथं नव्हती. जी तिथं नसते, तिचीच चूक असते. मोठ्यांकडे असंच असतं.

सायकल बाहेर आली. निळी निळी. हँडल सरळ केलं. कर्र. पुढचं चाक बसवलं. कर्र. सीट बसवली. कर्र. उजवं पायडल बसवलं. कर्र कर्र. डावं पायडल... कर्र. बसेना. कर्र. बसेना!

"चुकीचं पायडल पाठवलंय!" आबा ओरडले. "साठ वर्षं सायकल चालवली मी!"

नानाकाकांनी वाचलं, "डावं पायडल उलटं फिरवा."

"पुस्तक लिहिणाऱ्याला काय कळतं?" आबा म्हणाले. आणि हळूच उलटं फिरवलं. सुळुक! बसलं.

"मी तेच म्हणत होतो," आबा म्हणाले.

चाकात हवा भरली. फुस्स फुस्स. बॅटरी जागेवर बसवली. खटक्! ब्रेक दाबून बघितला. कच्च! आत्याबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडला. फट्!

सायकल तयार. खोका रिकामा.

आणि धप्! बोका भिंतीवरून खाली उतरला.

"खोक्या, खोक्या!" पिटुकली ओरडली.

खोका म्हणाला, "मी सरतो म्हणालो होतो ना? हा बघ, सरलो." आणि सरला. सर्रर्र. बोका आणि पिटुकलीच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

खोका बोलला तसं वागला. खोका होता ना तो. मोठा माणूस नव्हता.

समोर बीळ! पिटुकली पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. सुर्रकन् आत!

चिंधी होती. शेंगदाणा होता. सगळं होतं. आत मऊ मऊ अंधार होता. बोक्याने खोका हुंगला. शिंकला. आक्छी! आणि निघून गेला.

तेवढ्यात वैजू आली. हाश्श हुश्श. हाश्श हुश्श.

"झाली जोडून?"

"मी जोडली," आबा म्हणाले.

"मी वाचलं म्हणून जोडली," नानाकाका म्हणाले.

"मी कुंकू लावलं म्हणून जोडली," आत्याबाई म्हणाल्या.

वैजूने सायकल बघितली. मग खोका बघितला. खोक्याच्या कोपऱ्याला भोक. भोकाच्या कडेला बारीक बारीक दात उमटलेले. जमिनीवर पुठ्ठ्याचा बारीक बारीक चुरा. चुऱ्यापासून बिळापर्यंत बारीक बारीक पावलं.

तिने ताटातला खोबऱ्याचा तुकडा घेतला. पांढरा, ओला, चांगला मोठा. खाली वाकली. बिळाच्या तोंडाशी ठेवला.

"घे गं बाई," ती हळूच म्हणाली. "काम तुझं दिसतंय."

मग तिने सीटवरचं प्लास्टिक ओढलं. सर्रर्र!

"अगं राहू दे ते, सीट मळेल!" आत्याबाई म्हणाल्या.

"थांब, पहिली चक्कर मी मारतो," आबा म्हणाले.

"आबा, आधी मी बघतो," नानाकाका म्हणाले.

वैजू सायकलवर बसली. चाकाखाली लिंबू फुटलं. फच्च! ट्रिंग ट्रिंग! गेली. गल्लीतून गेली. चढावर गेली. हाश्श नाही. हुश्श नाही. नुसतं घूंऽऽऽ.

ओसरीत उरला रिकामा खोका.

"हा कोण उचलणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"आधी नाना उचलेल," आबा म्हणाले.

"आधी आत्याबाई धरतील," नानाकाका म्हणाले.

"आधी आबांना उठू दे," आत्याबाई म्हणाल्या.

आणि तिघं बसून राहिले.

बिळाच्या तोंडाशी एक नाक आलं. दोन मिशा आल्या. खोबरं आत गेलं.

कुर्तुम कुर्तुम.
कुर्तुम कुर्तुम.

पिटुकलीचं पोट भरलं, आणि गोष्ट बिळात गेली.