चित्रातल्या घोडीनं डोळे मिटले

या, सरका जवळ. चिंगे, पाय पांघरुणात घे. देवाला हात जोडलेत ना? मग ऐका.

डोंगरापलीकडं एक गाव होतं. गावाला एक राजा होता आणि राजाची एक लाडकी घोडी होती. तिचं नाव साळुंकी. अंगानं काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा, आणि चाल अशी की पाठीवर भरला तांब्या ठेवला तर थेंब सांडू नये. राजा रोज तिला आपल्या हातानं गूळ भरवायचा. राणीसाहेब हसून म्हणायच्या, "आमच्या लग्नात अंतरपाट काढल्यावर समोर घोडी उभी असती, तरी यांनी हार घातला असता!"

मग एकदा शत्रू चालून आला. माळावर लढाई जुंपली. शत्रूनं वाळल्या गवताला आग लावली. राजा जखमी होऊन पडला आणि चोहीकडून जाळ आला. बाकीचे घोडे उधळले. साळुंकी नाही उधळली, बरं का. ती राजाजवळ खाली बसली. राजा कसाबसा पाठीवर चढला आणि ती जाळातून धावत सुटली.

राजा वाचला. पण साळुंकीच्या तोंडाची डावी बाजू भाजली. कातडी आक्रसली, कान अर्धा जळाला, टिळ्याचाही एक तुकडा गेला. डोळा तेवढा देवानं राखला.

मग जखमा भरल्या. राजाच्याही भरल्या, साळुंकीच्याही. पण राजा काही पागेकडं फिरकेना. गूळ पाठवायचा तो मोतद्दाराच्या हाती. मोतद्दार म्हणजे घोड्यांचं दाणापाणी बघणारा. त्याचं नाव हैबती. हैबती म्हणायचा, "सरकार, वाट बघती हो ती. पावलं वाजली की मान वर करती."

राजा म्हणायचा, "उद्या येतो."

तो उद्या काही उगवेना.

मग राजाच्या मनात आलं, साळुंकीचं चित्र काढून घ्यावं. दरबारात लावावं. येता-जाता दिसेल. त्यानं धाकोजी चिताऱ्याला बोलावणं धाडलं. या धाकोजीचं भारी नाव होतं. देवळाच्या भिंतीवर खंडोबाचा घोडा रंगवावा तर त्यानंच. बायका त्या घोड्यालाच हळदीकुंकू वाहायच्या.

राजा म्हणाला, "धाकोजी, माझी साळुंकी काढायची. देखणी काढ. पहिल्यासारखी."

"जशी आज्ञा, महाराज."

आता चिताऱ्यांची रीत कशी असते, तेही ऐका. देवाचा घोडा काढायचा तर खाका असतो. खाका म्हणजे कागदावर घोड्याची आकृती सुईनं टोचलेली. तो भिंतीवर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापटायची, की भिंतीवर घोडा उमटतो. आपल्या रांगोळीच्या साच्यासारखं. पण जित्या जिवाचं चित्र असेल तर खाका चालत नाही. त्याच्यापाशी जाऊन बसायचं. तो जीव आपणहून आपल्याकडं बघेल तेव्हाच पहिली रेघ ओढायची. आणि डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. त्या दिवशी उपास करायचा, ज्याचं चित्र त्याच्यासमोर ते धरायचं आणि मग डोळे उघडायचे. धाकोजीच्या वडिलांनी हे सगळं त्याला शिकवलं होतं.

मग धाकोजी पागेत गेला. साळुंकीनं तोंड वळवलं. तो भाजलेला गाल समोर आला, आणि धाकोजीच्या अंगावर शहारा आला. त्यानं मान फिरवली न् तडक घरी आला. घरी आल्यावर मनाशी म्हणाला, राजानं पहिल्यासारखीच मागितलीय, मग बघायचं कशाला? त्यानं फडताळातून खंडोबाच्या घोड्याचा खाका काढला, कापडावर ठेवला आणि पुरचुंडी थापटली.

त्याची बायको सगुणा तुळशीला पाणी घालत होती. मोठी नेमाधर्माची बाई. तिनं दारातूनच बघितलं.

"अहो, हा तर देवाचा घोडा!"

"काळा रंग दिला की झाली साळुंकी."

"असं होय? मग उद्या देवाच्या घोड्याला लुगडं नेसवा, म्हणजे तुमची बहीण होईल!"

धाकोजी रागारागानं रंग कालवायला लागला. खरं बोललं की माणसाला राग येतो, नाही का रे?

चित्र झालं. काय सुरेख झालं म्हणून सांगू! पागेच्या दारात ते असं तिरपं धरलं, की आत साळुंकीलाही दिसावं आणि बाहेर लोकांनाही. राजा बाहेर चौकातच बसला, आत नाही आला. धाकोजीनं कुंचला काजळात बुडवला आणि डोळे काढले. लोक म्हणाले, "वा! वा!" आणि तेवढ्यात, बाळांनो, चित्रातल्या घोडीनं डोळे मिटून घेतले.

हो, मिटून घेतले. आपण लाजेनं घेतो ना, तसे.

राजा म्हणाला, "हे काय?"

धाकोजी म्हणाला, "रंग ओला आहे, महाराज. ओघळला असेल." आणि हे बोलताना त्याचे कान तापले.

आत साळुंकीनं ते चित्र बघितलं होतं. गुळगुळीत गाल, दोन उभे कान, अख्खा टिळा. ती हळूच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिला वाटलं, आपल्या जागी दुसरी घोडी आणली. त्या दिवशी तिनं वैरणीला तोंड लावलं नाही.

मग धाकोजी दुसऱ्यांदा चित्र काढायला बसला. या वेळी पागेत जाऊन बसला, पण कुठल्या बाजूला? उजव्या! चांगला गाल होता त्या बाजूला. डाव्या बाजूकडं त्यानं डोळा वर करून बघितलंही नाही. रेघ मात्र खरी ओढली. मानेचा बाक खरा, आयाळीची बट खरी. चित्र पुन्हा दारात धरलं. राजा पुन्हा चौकात बसला. एका बाजूचं चित्र, म्हणून धाकोजीनं एकच डोळा काढला.

डोळा उघडला. मिटला. आणि मग चित्रातली घोडी वळली न् सगळ्या दरबाराकडं पाठ करून उभी राहिली! नुसती शेपटी दिसायला लागली.

हसू नका रे. तेव्हाही लोक हसले होते. एकजण म्हणाला, "धाकोजी, शेपूट मात्र झकास जमलंय हं!" धाकोजीला वाटलं, जमीन दुभंगावी.

आणि साळुंकीनं गूळही सोडला. हैबती रडकुंडीला येऊन म्हणाला, "चितारीबुवा, काय दाखवलंत हो तिला? पाण्याची घागर पुढं केली तर तोंड फिरवती. अशानं जगायची नाही ती."

धाकोजी घरी आला. ताटावर बसला आणि तसाच उठला. सगुणानं ताट झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसली.

"अहो, तुम्ही तिला बघितलंत का?"

"बघितलं की."

"कुठल्या बाजूनं?"

धाकोजीची मान खाली गेली. मग हळूच म्हणाला, "सगुणे, मला किळस आली गं तिची. धन्यासाठी भाजली ती, आणि मला किळस आली. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?"

सगुणानं देवापुढं निरांजन लावलं. म्हणाली, "मी तिच्यासाठी सोमवार धरते. पण माझ्या सोमवारानं तुमचा कुंचला चालायचा नाही. आहे त्याच तोंडानं जा. तिला तरी कुठं दुसरं तोंड आहे?"

मग धाकोजी उजाडताच अंघोळ करून पागेत गेला. या वेळी डाव्या बाजूला बसला. साळुंकी भिंतीकडं तोंड करून उभी होती. पोट खपाटीला गेलं होतं. धाकोजीनं हात जोडले.

"बाई, मी तुझं चित्र काढलंच नाही. पहिल्यांदा देवाचं काढलं, दुसऱ्यांदा अर्धंच काढलं. तुझ्याकडं बघवेना मला. चुकलो मी."

साळुंकी हलली नाही. धाकोजी बसून राहिला. ऊन वर आलं. भाजल्या गालावर माश्या बसायला लागल्या. धाकोजीनं उपरण्यानं वारा घातला. दुपार झाली, हात भरून आला, तरी तो वारा घालतच राहिला. मग उन्हं कलली, आणि साळुंकीनं मान वळवली. आपणहून, बरं का. त्याच्याकडं सरळ बघितलं.

धाकोजीला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! पण या वेळी त्यानं डोळे खाली केले नाहीत. पहिली रेघ ओढली.

मग रोज तो यायचा. काळा रंग होता, गेरू होता, शंखाचा पांढरा होता. पण रंग कालवायच्या शिंपल्यांपैकी एकातही भाजल्या कातडीचा रंग नव्हता. तो आधी कधी लागलाच नव्हता ना! गेरूत काजळ घातलं, जमेना. थोडी हळद घातली, जमेना. मग शंखाचं पांढरं चिमूटभर घातलं, आणि चिरल्या अंजिरासारखा रंग आला. एकेक सुरकुती त्यानं त्या रंगानं काढली. अर्धा कान काढला. तुटका टिळा काढला. हैबती रोज ओल्या फडक्यानं साळुंकीचे ओठ पुसायचा. तेवढ्यावर तिचा जीव तगून होता.

चित्र झालं, तेव्हा राजाचा कारभारी म्हणाला, "अहो धाकोजी, महाराजांनी देखणी मागितली होती! हे दाखवलंत तर गाव सोडावं लागेल."

"सोडेन," धाकोजी म्हणाला.

पुन्हा दारात चित्र धरलं. पुन्हा राजा चौकात बसला. धाकोजी कडकडीत उपाशी होता. त्यानं एक डोळा काढला. मग दुसरा काढला. सगळे श्वास धरून बघायला लागले.

डोळे मिटले नाहीत. चित्रातल्या घोडीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग सगळ्यांवरून नजर नेऊन राजावर ठेवली.

राजानं तो गाल बघितला आणि शेल्यानं तोंड झाकून घेतलं. "ही अशी झालीय?"

हैबती म्हणाला, "अशीच आहे, सरकार. केव्हाची."

"माझ्यापायी," राजा म्हणाला. "हैबती, मला ठाऊक होतं रे. म्हणून तर येत नव्हतो. तिनं माझ्याकडं बघितलं तर मी काय सांगू तिला?"

चित्रातली घोडी बघतच होती. रागानं नाही हं. नुसती बघत होती.

मग राजा उठला. जोडे दाराशी काढले, देवळात जाताना काढतो तसे, आणि आत गेला. साळुंकीच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

"साळुंके, मी आलो गं. फार उशिरा आलो."

त्यानं मूठभर हिरवं गवत पुढं केलं. साळुंकीनं तोंड फिरवलं. राजा तसाच उभा राहिला. पुन्हा गवत पुढं केलं. तिनं नुसतं हुंगलं. मग राजानं आपला गाल त्या भाजल्या गालाला लावला आणि लहान पोरासारखा रडला. मग तिसऱ्यांदा मूठ पुढं केली. साळुंकीनं गवत घेतलं. सावकाश चावलं. मग राजानं घागर धरली आणि ती पाणी प्यायली, घटाघटा.

धाकोजी दारात उभा होता. राजा त्याला म्हणाला, "चितारीबुवा, देखणी काढलीत."

मग ते चित्र दरबारात, अगदी समोर लावलं. कुणी पाहुणा विचारी, "हिच्या गालाला काय झालं?" तर राजा स्वतः सगळं सांगे. धाकोजीला पुढं पुष्कळ चित्रं मिळाली, जित्या माणसांची, जनावरांची. सगुणाचे सोमवार फळले. तिनं पागेत पेढे वाटले आणि पहिला साळुंकीला दिला.

देवानं त्यांना सुखात ठेवलं, तसंच तुम्हांआम्हांलाही ठेवो.

आणि साळुंकी? ती पोटभर जेवली आणि उभ्या उभ्याच झोपली. घोडे उभ्यानंही झोपतात, बरं का. तुम्हांला नाही हो जमायचं ते. तुम्ही आडवे व्हा, कुशीवर वळा. चिंगी तर झोपलीसुद्धा. झोपा आता, बाळांनो.