मुरलेली लाल दारू

आटपाट संस्थान होतं. तिथं दौलतराव सरकार होते, त्यांचा खानसामा धर्माजी होता आणि धर्माजीची बायको भागाई होती. सरकारांनी फ्रान्सची पन्नास वर्षं मुरलेली लाल दारूची बाटली फोडली. चांगली मुरावी म्हणून दर उन्हाळ्यात तिला लोणच्यासारखं ऊन दाखवलं होतं!

स्वतः चाखण्याआधी तारीफ ऐकायची सरकारांना भारी हौस. मेजवानीला जमलेल्या मानकऱ्यांनी घोट घेतले. "वा, काय सुगंध!" धर्माजीला चाखवली, तर चिंच चावल्यासारखं त्याचं तोंड वाकडं झालं.

सरकार कडाडले, "गावंढळा! उद्याच बिऱ्हाड उचल!"

भागाई पुढं आली. "जातो, सरकार. आमची जीभ गावठी. पण या थोरांना बाटली संपवू द्या की!"

झालं! एकाला चतुर्थी आठवली, दुसऱ्याचं पित्त उसळलं. जो तो आपला पेला शेजाऱ्यापुढं सरकवू लागला.

भागाई म्हणाली, "सरकार, अमृतासाठी देवदानव एकमेकांच्या जिवावर उठले होते. इथं तर सगळे एकमेकांनाच आग्रह करतायत!"

सरकारांनी घोट घेतला आणि पचकन थुंकला. मग उरलेली बाटली त्यांनी मानकऱ्यांकडूनच संपवून घेतली. धर्माजीला मुदपाकखान्याचा कारभार मिळाला, राहायला कौलारू घर मिळालं, आणि भागाईच्या दारी आलेलं सुख पुन्हा माघारी गेलं नाही.