सिनेमातला खेकडा

खेळणी अजून उघडपणे बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका कपाटातल्या खेळण्यांना घेऊन हाणामारीचा मोठा सिनेमा निघाला. पत्र्याचा शिपाई नायक झाला, लाकडी खेकडा खलनायक. सिनेमा तुफान चालला. पण कपाटात परतल्यावर खेकड्याशी कुणी बोलेना.

"तू शहर जाळलंस! नीघ इथून," बाहुली म्हणाली.

"अगं, ते सिनेमात!" खेकडा रडवेला झाला. तरी कुणी ऐकेना, तेव्हा तो मुकाट्यानं निघाला.

शिपाई आडवा आला. "शूटिंगच्या वेळी पुलावरून उडी मारताना माझा पाय खरंच निसटला होता. यानं नांगीत धरलं, म्हणून मी वाचलो."

बाहुली ओशाळली. "खेकडेदादा, थांब ना," ती म्हणाली. "आणि आज खेळताना खलनायक मी होणार. सिनेमात मला नुसतं रडायलाच लावलं!"