थोरलीची सवलत

गाड्या आपसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. टिकेकरांच्या अंगणात त्यांची थोरली मोटार कायम तोऱ्यात असायची. "मी एकदाही विम्याचा क्लेम केलेला नाही. म्हणून दरवर्षी हप्त्यात सवलत!"

मग घरात दुसरी गाडी आली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडायला टिकेकरांनी ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबला आणि धाकटी थेट थोरलीच्या दारावर आदळली.

नव्या धाकटीला गमवायला सवलतच नव्हती. तिचा क्लेम झाला, नवा बंपर आला. थोरलीचं दार मात्र टिकेकरांनी सुतळीनं बांधलं. "हिचा क्लेम केला तर सवलत जाईल!"

"ताई, दुखतंय का हो?" धाकटीनं विचारलं.

"दुखू दे. सवलत शाबूत आहे," थोरली ताठ्यात म्हणाली, आणि तिचं दार गळून पडलं.