बारावी जागा

धारंगपूर नावाच्या राजधानीत एक फार जुनी पेठ होती. बोळ इतके अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. ही पेठ बघायला लांबून लोक येत. त्यांच्यासाठी दरबारच्या दफ्तरात एक कागद मिळे. त्यावर अठरा जागा क्रमाने लिहिलेल्या असत आणि एकीपासून दुसरी किती पावलांवर आहे, तेही दिलेलं असे. वाटाड्या लागत नसे. कागद घ्यायचा, पावलं मोजायची, बघायचं आणि परत यायचं. कारकून दर वर्षी त्याच्या नव्या नकला करत. अक्षर मोत्यासारखं, काना-मात्रेची चूक नाही. फक्त नक्कल करणाऱ्यांपैकी एकही जण कधी पेठेत फिरला नव्हता. त्यांना लिहिण्यातून सवड कुठे होती?

एकदा पेठेचा चौधरी वारला. राजा मानसेनाने जाहीर केलं, की ज्याला हे पद हवं त्याने हा कागद घेऊन एकट्याने पेठ फिरावी आणि काय पाहिलं ते दुसऱ्या दिवशी दरबारात सांगावं. चौधऱ्याला राहायला घर मिळत असे. त्या घरासाठीच लिंबाजी मोजणीदार आला होता. नदीने पात्र बदललं आणि त्याच्या गावची शेतं वाहून गेली. मोजायला काही उरलं नाही. तीन महिने तो बायको आणि दोन मुलींना घेऊन धर्मशाळेत राहत होता, आणि येत्या अमावास्येला ती खोली सोडायची होती.

लिंबाजी सकाळीच निघाला. पावलं मोजणं हा त्याचा धंदाच, आणि चौकशा करणं ही खोड. पहिली जागा वेशीचा दरवाजा. त्याचे वरचे खिळे गंजलेले आणि खालचे चकचकीत का, हे त्याने पहारेकऱ्याला विचारलं. येणारे-जाणारे बैल तिथे अंग घासतात, असं कळल्यावर त्याला कोण आनंद झाला. चौथ्या जागेवर, दीपमाळेपाशी, तो तीनदा फिरला. सातव्या जागेवर तालीम होती. तिथल्या मातीत ताक आणि तेल मिसळतात, हे ऐकून त्याने चिमूटभर माती हुंगूनही पाहिली. असा माणूस बरोबर असला तर आपण वैतागू. पण तो एकटाच होता, म्हणून बरं. कागदातलं प्रत्येक अंतर बरोबर निघत होतं.

अकराव्या जागेनंतर कागदात लिहिलं होतं, ‘साठ पावलांवर दगडी हत्तीचा हौद.’ साठ पावलं झाली आणि बोळच संपला. समोर एक उंच भिंत होती. लिंबाजी मागे गेला आणि पुन्हा मोजून आला. पुन्हा भिंतच.

शेजारी केसरबाई कासारीण बांगड्यांचं दुकान लावून बसली होती. लिंबाजीने तिला हौदाबद्दल विचारलं.

“हौद बघायला माणसं रोज येतात, दादा,” ती म्हणाली. “भिंतीकडं बघतात, कागदाकडं बघतात, मान हलवतात आणि पुढं जातात. आम्ही इथं राहतो, पण आम्हाला काही तो दिसला नाही.”

मग पाणी कुठून आणता, असं लिंबाजीने विचारलं. नदीवरून, असं तिने सांगितलं. सगळी पेठच नदीवरून पाणी आणत होती. भिंत कुणाची, तेही त्याने विचारलं. उजवीकडचे लोक ती डावीकडच्यांची समजत आणि डावीकडचे उजवीकडच्यांची. लिंबाजीने भिंतीला हात लावला. ऐन वैशाखात ती गार होती आणि खालच्या दगडांवर शेवाळ होतं. त्याचं कुतूहल असं चाळवलं, की उरलेल्या सहा जागा त्याने कशाबशा उरकल्या.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पहिला उमेदवार हौदाविषयी भरभरून बोलला. हत्तीच्या सोंडेतून पाणी कसं उडतं, ते त्याने हातवारे करून दाखवलं. दुसऱ्याने सुळ्यांवरची नक्षी वर्णन केली. राजा खूश झाला आणि म्हणाला, की लहानपणी तो स्वतः त्या हत्तीच्या पाठीवर बसला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग लिंबाजीला पुढे बोलावलं. ज्यावर राजा बसला म्हणतो, तो हत्ती दिसलाच नाही असं आपण म्हणायचं? डोळ्यांपुढे मुली आल्या, धर्मशाळेची खोली आली. हो म्हणायला काय जात होतं? पण ती ओली भिंत त्याच्या डोक्यातून जाईना.

“महाराज, मी सतरा जागा पाहिल्या,” तो म्हणाला. “बारावी मला सापडली नाही.”

“जी सगळ्यांना सापडते, ती तुलाच कशी सापडत नाही?” राजाने विचारलं.

“मलाही तेच कळत नाही, महाराज. चौधरी कुणालाही करा, पण ती भिंत एकदा उघडून बघू द्या. आत काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही.”

राजाचा चेहरा उतरला.

“मी नऊ वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “वडिलांनी विचारलं, हत्ती पाहिलास का? मला भिंतच दिसली होती. पण सगळ्यांना दिसतो म्हणून मी हो म्हणालो. पाठीवर बसल्याचं नंतर कधीतरी जोडलं.”

पहिले दोन उमेदवार खाली बघू लागले.

त्याच दिवशी राजा गवंडी घेऊन पायी पेठेत गेला. भिंतीचे दगड निघाले आणि आत काठोकाठ भरलेला हौद दिसला. जमिनीखालच्या खापरी नळातून त्यात पाणी येत होतं. कधीकाळी वेढा पडला असताना शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून कुणीतरी तो भिंत घालून बंद केला असावा, आणि पुढे ते सांगायला माणूस उरला नसावा. हत्तीही होता. नळाच्या तोंडाशी कोरलेला, जेमतेम वीतभर.

पेठेतले लोक हंडे-कळशा घेऊन धावले. केसरबाई मात्र रिकामी कळशी कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. राजाने तिला पाणी भरायला सांगितलं.

“भरते, महाराज,” ती म्हणाली. “माझी आई नदीच्या घाटावर पाय घसरून गेली. पाणी आणायला गेली होती. त्याच्या आधी इतकी माणसं हा हौद बघून गेली. एकानं जरी दिसला नाही म्हटलं असतं, तर ती नदीवर गेलीच नसती.”

लिंबाजीला चौधरी केल्याचं राजाने तिथेच सांगितलं, पण त्याची नजर वर उठली नाही.

तात्पर्य: जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणावं, शोध तिथूनच सुरू होतो. आपण लाजेपोटी म्हटलेला ‘हो’ आपल्याला स्वस्त पडतो. तो भोगावा लागतो दुसऱ्याच कुणाला तरी.