गोदाक्काची ओकारी

सांडपाण्यातले जंतूही नीट मराठी बोलत, त्या काळची गोष्ट. भिकू बेडकाच्या तळ्यात गावच्या सांडपाण्यातला फॉस्फरस खाऊन शेवाळ इतकं माजलं, की त्याला डोकं वर काढता येईना. गोदाक्का नावाची जंतीण फॉस्फरस गिळण्यात पटाईत आहे, असं ऐकून तो घाबरत घाबरत सांडपाणी शुद्ध करायच्या कारखान्यात तिच्या बंद हौदाशी गेला.

बघतो तर काय, आक्का आंबलेलं खरकटं चापत होती आणि पोटातला फॉस्फरस पाण्यात भसाभसा ओकत होती!

"अहो आक्का, गिळायचा सोडून ओकताय काय? मेलो की आम्ही!"

"अरे भित्र्या, इथे हवा नाही. साठवलेला फॉस्फरस मोडून ताकद काढल्याशिवाय खरकटं पोटात जात नाही. पुढच्या हौदावर ये, मग बघ भूक!"

पुढच्या हौदात हवेचे बुडबुडे सुटले मात्र, आक्काने ओकलेला फॉस्फरस गिळलाच, वर गावाचाही चाटूनपुसून खाल्ला. फुगून जड झालेली ती थेट तळाशी बसली. निवळ पाणी तळ्याकडे निघालं आणि आक्का गाळाबरोबर गाडीतून मळ्याकडे.

"आक्का, आता तरी ओकू नका हो!" भिकू ओरडला.

"वा रे वा! तिकडे वांगी माझ्या ओकारीच्या खतासाठी ताट मांडून बसलीत," म्हणत आक्काने ढेकर दिला.